रामगंगेवर जाण्याआधी

जुलैत रामगंगा गढूळ होऊन फुगते, तेव्हा महाशीर वर निघतो. कालागढच्या जलाशयातून, कॉर्बेटच्या जंगलातल्या डोहांतून मोठाले मासे धारेविरुद्ध चढत जातात आणि एरवी घोटाभर पाण्याच्या असणाऱ्या उपनद्यांमध्ये, स्वच्छ गोट्यांच्या तळावर अंडी घालतात. मादी सगळी अंडी एकदम टाकत नाही. पूर चढतो-उतरतो तशी टप्प्याटप्प्याने घालते. पाणी निवळू लागलं की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात हे मासे खाली परततात, आणि परततात ते भुकेले. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की खोल डोहांत मंदावून राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन पाण्यात उतरू लागलं की पुन्हा धारेच्या तोंडाशी येऊन खायला लागतात.

उत्तराखंडात गाइड घेऊन महाशीरच्या मागे जायचं, तर तारखा या चक्रातून काढायच्या असतात. हंगाम दोन: फेब्रुवारीअखेर ते मे, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. मधला पावसाळा विणीचा, तेव्हा गळ टाकायचाच नाही. मे महिन्याबद्दलही मी सावध असतो. पाणी उथळ आणि कोमट झालेलं असतं, कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि झुंजीने दमलेला मासा सोडल्यावर सावरायला त्याला तोच हवा असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा मध्य किंवा सबंध ऑक्टोबर सुचवतो.

नदीनदीत फरक आहे, तोही तारखा ठरवण्याआधी समजून घ्यावा. पश्चिम रामगंगा गढवालातल्या दूधातोलीच्या डोंगरांत उगम पावते. तिच्या माथ्यावर हिमनदी नाही. पाऊस आणि झरे यांवर ती वाहते. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात ती आटते, पण बहुधा नितळ राहते. पंचेश्वरला मात्र, लोहाघाटपासून सुमारे ४० किलोमीटरवर, भारत-नेपाळ सीमेवरची काली नदी आणि शरयू एकत्र येतात. काली बर्फाच्या पाण्याची. ऊन वाढलं की बर्फ वितळतं, काली दुधाळ राखाडी होते, आणि शेजारून येणारी शरयू स्वच्छ असते. महाशीर अशा वेळी संगमाच्या सीमेवर, नितळ आणि गढूळ पाण्याच्या शिवेवर उभा राहतो, कारण गढुळातून भांबावून बाहेर पडणारे लहान मासे तिथे आयते मिळतात. गंगेला नयार नदी मिळते त्या व्यासघाटालाही हेच चालतं. म्हणून फोनवर गाइडला ‘पाणी कसं आहे?’ असं मोघम विचारण्यात अर्थ नसतो. कोणत्या नदीचं, सकाळचं की दुपारचं, आणि गेल्या चार दिवसांत रंग बदलला का, हे विचारायचं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं, त्याच्याबद्दल. हिमालयाच्या पायथ्याचा सोनेरी महाशीर, शास्त्रीय नाव टॉर पुटिटोरा, १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने विज्ञानाला परिचित करून दिला. कार्प कुळातला हा मासा. रोहू-कटला त्याचे लांबचे भाऊबंद; पण ते संथ पाण्यात वाढतात आणि हा खळाळात. अंगभर मोठे खवले, पाठ हिरवट-तपकिरी, बाजू सोनेरी, पर तांबूस-पिवळे. जबड्यात दात नाहीत. दात घशात आहेत आणि तिथली ताकद विलक्षण. शंख-शिंपले, खेकडे, लहान मासे तो घशात चुरडतो. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या हेन्री सुलिव्हन थॉमसने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि गळाला लागल्यावरच्या झुंजीत महाशीरला सॅमनच्याही वर बसवलं. वाघांच्या शिकारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिम कॉर्बेटने ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ या १९४४ च्या पुस्तकात, नरभक्षकांच्या कथांमध्ये, एक सबंध प्रकरण महाशीरला दिलं आहे.

मराठी वाचकाला हा मासा परका नाही. कर्नल विल्यम साइक्स या मुंबई फौजेतल्या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचा अभ्यास केला आणि १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीरचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याला त्याने इथल्याच लोकांच्या तोंडचं नाव दिलं: खुद्री. तोच आजचा टॉर खुद्री, दख्खनचा महाशीर. या खुद्रीचा पुढे कावेरीत जो इतिहास घडला, तो या प्रकरणाच्या शेवटी येईल, कारण तयारीतल्या एका दुर्लक्षित वस्तूशी त्याचा थेट संबंध आहे.

सोनेरी महाशीर आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘धोक्यात’ या वर्गात आहे. उत्तराखंडाचा तो राज्यमासा आहे, पण त्याच राज्यात डोहांत सुरुंग लावणं आणि ब्लिचिंग पावडर ओतणं या दोन्ही मार्गांनी तो मारला जातो. धरणांनी त्याच्या विणीच्या वाटा तोडल्या, वाळू-गोट्यांच्या उपशाने अंडी घालायच्या जागा गेल्या. म्हणून गाइडबरोबरच्या सहलीत लागलेला प्रत्येक मासा परत सोडायचा असतो. ही अट जाहिरातपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. मी ती सगळ्यात वर लिहीन. काठी कोणती, गळ कोणता, सराव कसला, कोणत्या वेळी थांबायचं, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मासा पाण्यात धडधाकट परत जाईल का, या एका कसोटीवर ठरतं. मासा कसा धरावा याची तयारी जवळजवळ सगळे करून येतात. सोडण्याची तयारी करून येणारे फार थोडे.

परवानगीचं काम आधी उरकावं. नदीचा पट्टा वनखात्याच्या हद्दीत आहे की मत्स्यविभागाच्या, यावर परवाना कोण देणार ते ठरतं, आणि नदी वळण घेते तशी हद्दही बदलते. कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या रामगंगेत गळ टाकता येत नाही; मार्चुला ते भिकियासैण हा वरचा, बाहेरचा पट्टा महाशीरसाठी ओळखला जातो. हा भेद किरकोळ समजू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘प्राणी’ या संज्ञेत पुढे मासेही आले, आणि पकडणं हे शिकारीच्या व्याख्येत आधीपासूनच होतं. त्यामुळे अभयारण्यात मासा पकडून सोडला तरी तो गुन्हा ठरू शकतो. छावणीवाला ‘सगळं आम्ही बघतो’ म्हणाला तरी परवान्यावर तुमचं नाव, पट्ट्याचं नाव आणि तारखा आहेत का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावं. दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नये.

गाइड बहुतेकदा नदीकाठच्या गावातलाच असतो. त्याला डोहातला प्रत्येक खडक ठाऊक असतो, आणि पाणी हातभर चढलं तर मासा कुठे सरकेल हेही. कुमाऊंत वयाने मोठ्या माणसाला ‘दाज्यू’ म्हणतात. तेवढं म्हटलं तरी बोलणं मोकळं होतं. त्याच्याशी निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी निवांत बोलावं. आपली पोच खरी सांगावी: काठी किती अंतरावर अचूक फेकता येते, गुडघाभर वाहत्या पाण्यात उभं राहण्याची सवय आहे का, पोहता येतं का, पाठीचं-गुडघ्याचं दुखणं आहे का. यातली एकही गोष्ट फुगवून सांगण्याने फायदा होत नाही. गाइड त्यावरून डोह निवडतो. ज्याला पंधरा मीटरच फेकता येतं, त्याला तो अरुंद धारेवर नेतो, जिथे पंधरा मीटर पुरतात. बढाई ऐकून त्याने रुंद पात्रावर नेलं तर दिवस वाया जातो आणि दोष नदीला दिला जातो.

त्याला विचारायच्या गोष्टींत मी आमिषाचा प्रश्न आधी घेतो. कावेरीकाठी नाचणीच्या गोळ्यांवर महाशीर धरण्याची जुनी रीत होती. हिमालयात धातूचे स्पून, लाकडी-प्लॅस्टिकचे मासे आणि पिसांच्या माश्या, म्हणजे फ्लाय, चालतात. खाण्याजोगं आमिष मासा गिळतो आणि गळ खोल जातो. चमकत्या स्पूनवर तो झडप घालतो आणि गळ बहुधा जाड मांसल ओठात रुततो. ओठातला गळ काही क्षणांत निघतो, घशातला काढताना मासा जखमी होतो. म्हणून जिवंत किंवा खाद्य आमिष नको, हे फोनवरच ठरवून टाकावं. गाइड स्वतःच असं म्हणाला तर योग्य माणूस मिळाला असं समजावं.

सामान. काठी आठ ते दहा फुटांची, मध्यम ते जड ताकदीची. रीलवर २० ते ३० पौंडांची लाइन किमान २०० मीटर. कोकणात समुद्रावर गरवायला तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी धागा, वापरणाऱ्याला त्याचा ताण-लवचिकपणा ठाऊक असतो. इथे मुख्य लाइन विणलेली आणि पुढे सात-आठ फूट जाड तंगुसाचा लीडर, असं करावं, कारण विणलेली लाइन खडकाला घासली की पटकन तुटते. फ्लायवाल्यांनी आठ ते दहा नंबरची काठी आणि मागे दीडशे-दोनशे मीटर बॅकिंग, म्हणजे राखीव लाइन, घ्यावं. सामान भाड्याने मिळत असेल तर पहिल्या खेपेला भाड्यानेच घ्या. पैसे मात्र दोन गोष्टींवर राखून ठेवा: चांगले गळ आणि चांगला पोलराइज्ड गॉगल. गॉगलमुळे पाण्यावरची चमक जाऊन तळ दिसतो, माशांच्या सावल्या दिसतात, पाय कुठे टाकायचा ते दिसतं, आणि चुकून मागे उडालेल्या गळापासून डोळा वाचतो.

हलकी लाइन वापरून मासा फार वेळ खेळवण्यात कौशल्य आहे, अशी एक जुनी समजूत आहे. मला ती अजिबात मान्य नाही. झुंज जितकी लांबते तितकं आम्ल माशाच्या स्नायूंत साठतं आणि सोडल्यावर तो तितका हतबल राहतो. जड लाइन घेऊन लवकर किनाऱ्याला आणलेला मासा जगण्याची शक्यता जास्त. थॉमसच्या काळात मासा जेवणात जात होता, तेव्हाचे संकेत वेगळे होते.

गळाकडे स्वतंत्र लक्ष द्यावं लागतं. बाजारातल्या स्पूनला तीन तोंडांचा गळ असतो. तो काढून तिथे एकच, जाड तारेचा, मजबूत गळ लावा. घशातल्या त्या दातांनी आणि जबड्याच्या दाबाने महाशीर बारीक गळ वाकवतो, चुरडतोही. मग पकडीने गळाचा उलटा काटा चेपून सपाट करा आणि जुन्या सुती कापडातून गळ ओढून पाहा. धागा अडकला तर अजून चेपायला हवा. काटा नसल्यामुळे मासे सुटतील अशी भीती सगळ्यांना वाटते. लाइन ताणलेली ठेवली तर फारच थोडे सुटतात. आणि गळ स्वतःच्या बोटात घुसतो त्या दिवशी हे चेपणं किती मोलाचं होतं ते कळतं. हे काम घरीच, दिव्याखाली बसून करावं. नदीवर पहाटे गार बोटांनी कोणीही ते नीट करत नाही.

ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, हाही घरीच बसवावा. लाइन जितक्या ताणाला तुटते, त्याच्या पाव ते तृतीयांश ताणाला रील सुटली पाहिजे. ३० पौंडांची, म्हणजे साधारण साडेतेरा किलोंची लाइन असेल, तर काठीला लाइन ओवून टोक ताणकाट्याला बांधा आणि साडेतीन-चार किलोंवर रील फिरू लागेल असा ड्रॅग लावा. महाशीरची पहिली धाव सगळ्यात जोरदार असते, धारेच्या दिशेने, थेट. त्या वेळी ड्रॅग जास्त घट्ट असेल तर गाठ तुटते, आणि तुटलेल्या लाइनीसह गळ ओठात घेऊन मासा जातो. गाठी दोनच शिका पण पक्क्या शिका: गळासाठी पालोमर, दोन लाइनी जोडायला दुहेरी युनी. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरड्या घर्षणाने लाइन तापून तिथेच कमकुवत होते. अंधारात, डोळे मिटून बांधता येईपर्यंत सराव करावा, कारण पहिल्या उजेडाच्या आधी डोहावर पोहोचायचं असतं.

फेकण्याचा सराव नदीशिवायही होतो. शाळेच्या मैदानावर, गळाऐवजी पंधरा-वीस ग्रॅमचं वजन बांधून, पंधरा मीटरवर आणि पंचवीस मीटरवर ठेवलेल्या घमेल्यात टाकत राहायचं. लांबीपेक्षा नेम महत्त्वाचा. रामगंगेवर पाठीमागे बहुधा झाडी असते, त्यामुळे डोक्यावरून फेकण्याइतकाच बाजूने फेकण्याचा सराव लागतो. संध्याकाळी अर्धा तास, महिनाभर, एवढं केलेला माणूस गाइडला पहिल्या तासातच ओळखू येतो आणि तो त्याला चांगल्या डोहावर घेऊन जातो.

आणि गळ न लावता महाशीर पाहण्याचाही सराव आहे. यासाठी महाराष्ट्रात राहणाऱ्यांना हिमालयापर्यंत जावं लागत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीच्या श्रद्धेने तिथले महाशीर राखले गेले आहेत, कोणी त्यांना धरत नाही. वाडा तालुक्यातल्या तिळसे इथे, वैतरणा नदीत, महादेवाच्या आश्रयाने असाच मत्स्यनिवारा आहे. उत्तराखंडात बैजनाथच्या मंदिराशी गोमतीतही आहे. अशा कोंडाच्या कडेला सकाळी तासभर शांत बसावं. महाशीर धारेत कुठे तोंड करून उभा राहतो, सावली पडली की किती झटकन सरकतो, मोठे कुठे आणि लहान कुठे, हे तिथे दिसतं. खडकावर पाय आपटला तर सगळा थवा कसा दबतो तेही दिसतं. दगडांवरून धप्‌धप् चालत डोहाकडे जायचं नाही, कपडे मळखाऊ रंगाचे घालायचे, काठावर ताठ उभं राहायचं नाही, या गाइडच्या सूचना मग सांगाव्या लागत नाहीत.

शरीराची तयारी थोडक्यात. चार-पाच किलोमीटर गोट्यांवरून चालून मग वाहत्या पाण्यात उभं राहायचं असतं. महिनाभर जिने चढावे, घोट्यांचे व्यायाम करावे. बूट पकड असलेले, पाणी निथळणारे, आधी घालून रुळवलेले, चपला नकोत. पाण्यात उतरताना हातात आधाराची काठी, दोन पाय आणि काठी यांतले दोन टेकलेले असतील तेव्हाच तिसरं उचलायचं. धार ओलांडायची तर सरळ न जाता किंचित उताराच्या दिशेने तिरकं जावं. मांडीच्या वर पाणी आलं की परत फिरावं.

पाण्याबद्दल एक गोष्ट फार स्पष्ट सांगायला हवी. ज्या नदीवर वर जलविद्युत प्रकल्प आहे, तिथे आकाश निरभ्र असतानाही पाणी अचानक चढू शकतं. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. वर धरण आहे का, पाणी कधी सोडतात, भोंगा वाजतो का आणि वाजला तर इथे ऐकू येतो का, हे गाइडला पहिल्याच दिवशी विचारा. कोरडा दगड ओला होताना दिसला, काड्या-पानं वाहून येऊ लागली, पाण्याचा आवाज बदलला, तर मासा गळाला असला तरी लाइन कापून वर यायचं. मार्चुल्याच्या बाजूला हत्ती, बिबळे, वाघ यांचा वावर आहे. संध्याकाळी मासा सर्वांत जास्त घेतो, नेमका तेव्हाच गाइड ‘चला’ म्हणतो. तेव्हा निघावं, त्याच्याशी वाद घालणारा माणूस त्याचाही जीव धोक्यात घालतो.

औषधांच्या पिशवीत ओआरएस, जंतुनाशक, पट्ट्या, नेहमीच्या गोळ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेतलेलं असावं. रेल्वेने जाणार असाल तर काठी पीव्हीसीच्या नळीत घाला. रामनगरपर्यंत रेल्वे आहे, तिथून मार्चुला रस्त्याने तासाभराच्या आसपास. विमानाने जायचं तर गळ आणि पकडी चेक-इन सामानातच.

आता सोडण्याची तयारी, ज्यासाठी मी हे प्रकरण लिहिलं.

मासा गळाला लागला की पुढच्या काही मिनिटांत कोण काय करणार, हे आदल्या रात्री छावणीत बसून ठरवून ठेवायचं. काठी तुमच्या हाती, मासा गाइडच्या हाती, कॅमेरा तिसऱ्याच्या. तिसरा कोणी नसेल तर फोटो नाही, हे स्वतःशी आधीच मान्य करावं. जाळी रबरी किंवा बिनगाठीच्या मऊ धाग्याची हवी. खरखरीत नायलॉनने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच थर त्याला बुरशी आणि जंतूंपासून वाचवत असतो. माशाला हात लावण्याआधी हात पाण्यात बुडवून ओले करायचे, हेही त्यासाठीच. जाळी पाण्यातच राहते, मासा जाळीत, पाण्यात, डोकं धारेकडे. पकड गळ्यात दोरीने अडकवलेली असावी, खिशात शोधावी लागू नये. गळ निघाला की फोटोसाठी एकदाच उचलायचं: एक हात शेपटीच्या बुंध्याशी, दुसरा पोटाखाली छातीच्या परांमागे, मासा आडवा, पाण्याच्या जेमतेम वर, अंगावरून पाणी ठिबकत. कल्ल्यांत बोटं कधीही घालायची नाहीत. ओठाला अडकवून उभा टांगायचा तर नाहीच. आयुष्यभर पाण्याने तोललेल्या मोठ्या देहाच्या आतल्या अवयवांना तो भार सोसत नाही. दहा सेकंदांच्या आत परत पाण्यात, हा दंडक धरावा. पळून आलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबून धरल्यावर तो किती वेळ उभा राहील, याचा विचार केला की दहा सेकंदही जास्त वाटतात.

ओठातून दोर ओवून मासा तासन्‌तास डोहात बांधून ठेवायचा आणि उजेड आला की फोटो काढायचा, ही जुन्या छावण्यांतली पद्धत अजून कुठे दिसली तर स्पष्ट नकार द्या. वजनाच्या काट्याचीही गरज नाही. शिंप्याची मऊ टेप पाण्यातच माशाला लावून लांबी आणि घेर इंचांत मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००, म्हणजे पौंडांतलं अंदाजी वजन. ४० इंच लांब आणि २० इंच घेराचा मासा २० पौंडांच्या, सुमारे ९ किलोंच्या आसपास भरतो. मग त्याला संथ पाण्यात धारेकडे तोंड करून नुसता आधार द्यायचा. पुढे-मागे हलवायचं नाही. मागे ओढताना पाणी कल्ल्यांत उलटं शिरतं. त्याचा त्याने शेपटीला जोर लावून हात झटकून जाईपर्यंत थांबायचं. याला पाच मिनिटं लागोत की वीस. ती वेळ तुमची आहे, दुसरा गळ टाकण्याची घाई करू नये.

टेपचा आकडा लिहायला वही लागते, आणि तीच ती दुर्लक्षित वस्तू. कावेरीचा इतिहास इथे सांगतो.

कर्नाटकातल्या कावेरीत एक वेगळा महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, अवाढव्य वाढणारा. व्हॅन इंगेन या गळवाल्याने १९४६ मध्ये काबिनी या कावेरीच्या उपनदीत धरलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर आजही गळवाल्यांच्या बोलण्यात असतो. गळवाल्यांमुळे या माशाची कीर्ती जगभर गेली, आणि १९७० च्या दशकात नदीतले मासे घटताना दिसले तेव्हा त्यांची संख्या वाढवण्याच्या चांगल्या हेतूने कावेरीत बाहेरून पिल्लं सोडण्यात आली. ती होती लोणावळ्याच्या वळवण इथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या खुद्रीची. महाशीर म्हणजे महाशीर, असंच तेव्हा समजलं जात होतं.

कावेरीकाठच्या गाळीबोरेच्या छावणीत गाइड आणि पाहुणे रोज नोंद ठेवत: कोणता मासा, किती वजनाचा, किती जण किती वेळ गळ टाकून होते. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या वह्या पुढे एड्रियन पिंडर, राजीव राघवन या मत्स्यसंशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण मासे वाढत होते, पण ते खुद्रीचे. उंचवट्याचा मूळ महाशीर वर्षागणिक कमी होत गेला होता, आणि जे लागत होते ते मोठे, वयस्क. लहान लागत नव्हते. म्हणजे नवी पिढी येतच नव्हती. ज्या नदीत ‘महाशीर भरपूर’ असं सगळे म्हणत होते, तिथला स्वतःचा महाशीर संपत चालला होता, आणि हे कळलं ते गळवाल्यांच्या वह्यांमुळे. त्याला तोपर्यंत नक्की शास्त्रीय नावही नव्हतं. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचं सिद्ध झालं आणि त्याच वर्षी ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीत गेला. गाळीबोरेचा पट्टा कावेरी अभयारण्यात येतो. २०१२ नंतर तिथली गळाची मासेमारी थांबली, आणि तिच्यासोबत वह्याही.

रामगंगा आणि काली-शरयूवर अशा वह्यांची तितकीच गरज आहे. पाण्याने न भिजणारी छोटी वही आणि पेन्सिल घ्या. तारीख, डोहाचं नाव गाइडच्या तोंडून जसं ऐकाल तसं, पाण्याचा रंग, साध्या थर्मामीटरवरचं तापमान, गळ पाण्यात किती वेळ होता, मासा लागला तर लांबी, घेर आणि सोडल्यावर कसा गेला. परांचा आणि डोक्याचा एकेक फोटो, मासा पाण्यातच ठेवून. एकही मासा लागला नाही त्या दिवसाची नोंदही तितक्याच काळजीने करा, कारण किती तास घालवले हे ठाऊक असल्याशिवाय किती लागले या आकड्यावरून नदीबद्दल काहीच सांगता येत नाही. निघायच्या दिवशी वहीतली पानं मोबाइलवर टिपून घ्या आणि वही गाइडजवळ ठेवून या. पुढच्या हंगामात दुसरा पाहुणा तीतच पुढे लिहील.